हमीदाचं जुवं

हमीदा, तू गेल्यापासून माझं मराठी फोनपुरतं उरलं आहे. विनायक कंपनीच्या कामासाठी चेन्नईला आहे, मुग्धा बंगळुरूला. दोघांचे फोन संध्याकाळी येतात आणि जेवलीस का, औषध घेतलंस का, एवढ्यावर संपतात. बाकी दिवसभर गेटवरच्या माणसाशी, भाजीवाल्याशी, लिफ्टमधल्या शेजारणीशी हिंदी. परवा गॅलरीतली तुळस वाळलेली दिसली तेव्हा "अगं, ही गेली की" असं मी मोठ्याने म्हणाले, आणि म्हटल्यावर कळलं की ते मी तुला सांगत होते. दुपारची जेवणं उरकली की तुझा फोन यायचा, त्यात हे सांगायचं राहून जाऊ नये म्हणून.

मराठी मंडळाच्या सेक्रेटरीबाईंनी अंकासाठी तुझ्यावर पानभर मजकूर मागितला आहे. जन्म, शिक्षण, कुटुंब, आणि मंडळाच्या कार्यक्रमांना तू करून आणायचीस त्या सांदणांचा उल्लेख नक्की करा, म्हणाल्या. मी बसले लिहायला. 'त्या अतिशय मनमिळाऊ होत्या' असं एक वाक्य झालं आणि मला हसू आलं. मनमिळाऊ तू कधीच नव्हतीस. महिनामहिनाभर अबोला धरायचीस. शेवटी तो कागद बाजूला ठेवला. तुझ्याबद्दल मला काही लिहिता येत नाही, तुझ्याशी बोलता येतं. म्हणून हे तुलाच.

फरीदाबादच्या त्या नव्या सेक्टरमध्ये आपण समोरासमोर राहायला आलो तेव्हा रस्ते आखलेले होते, झालेले नव्हते. दर दोन घरांमागे एक रिकामा प्लॉट, त्यात विटांचे ढीग आणि बाभळी. कित्येक महिने आपण एकमेकींना "भाभीजी, नमस्ते" म्हणत होतो. मी तुम्हाला यूपीकडचे समजत होते. तू मला, माझ्या सुती साड्यांवरून, मद्रासी. मग एका सकाळी पाण्याचा टँकर आला, रांग लागली, सगळीकडे चिखल झाला, आणि तुझी छोटी नाझनीन बादली घेऊन धावायला लागली. तू मागून म्हणालीस, "जपून, निसरडं आहे."

मी हातातली बादली खाली ठेवली.

"काय म्हणालात?"

"आप मराठी हैं?" तू हिंदीतच विचारलंस.

"हो," मी म्हटलं. "पुण्याची."

तू माझ्याकडे अशी पाहत राहिलीस, जणू मी तुझ्या माहेराहून निरोप घेऊन आले आहे. मागच्या बायका "भाभी, आगे बढ़ो ना" म्हणून ओरडत होत्या, टँकर अर्धा रिकामा झाला, आणि आपल्या दोघींच्या बादल्या तशाच. त्या दिवशी पाणी मिळालं नाही. सलीमभाई आणि विनायक दोघेही वैतागून ऑफिसला गेले.

पुढे थंडीत गच्चीवर ऊन खात मटार सोलताना तू मला तुझं गाव दाखवलंस. वर्तमानपत्र पसरलं होतं. शेंगांच्या सालांच्या दोन वाकड्या रांगा लावल्यास, म्हणालीस, ही नदी, समुद्राला मिळायच्या आधी अशी फुटते, एक फाटा इकडून, एक तिकडून. मध्ये आल्याचा तुकडा ठेवलास. "आणि हे जुवं." तुमच्याकडे बेटाला जुवं म्हणतात हे मला तेव्हा कळलं. त्याला नाव होतं, कागदोपत्री, पण तुम्ही कोणीच ते घेत नव्हतात. नुसतं जुवं.

आल्याच्या मधल्या उंचवट्यावर घरं. मशीद एका टोकाला, देवीचं देऊळ दुसऱ्या टोकाला, आणि दोन्हींच्या मध्ये गोड्या पाण्याची एकुलती एक विहीर. उंचवट्याच्या खाली चारी बाजूंनी भातशेती. आणि शेतीच्या भोवती, आल्याच्या सालीसारखा, मातीचा बांध. बांधाच्या बाहेर खारं पाणी, आत भात. मध्ये फक्त ती माती. शेतातलं पावसाचं पाणी बाहेर सोडायला बांधात एक लाकडी दार होतं, उघाडी म्हणायचात त्याला. ओहोटीला ते आपोआप उघडायचं आणि भरती आली की पाण्याच्याच रेट्याने बंद व्हायचं. मला ते काही केल्या समजेना, तेव्हा तू स्वयंपाकघरातून झाकणाचा डबा आणून दाखवलंस.

"आणि बांध फुटला तर?" मी विचारलं.

"फुटत नाही. आम्ही असतो ना."

अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती असली की जुव्यावरची सगळी माणसं बांधावर जायची, हे तू सांगितलंस. तिथे हिंदू-मुसलमान कोणी बघत नसे, कारण पाणी बघत नाही. लहान मुलांना काम असायचं खेकड्यांची बिळं शोधायचं. बीळ दिसलं की त्यात मातीचा गोळा घालून टाचेने दाबायचं. तुझ्या टाचा बघ म्हणालीस, अजून तशाच रुंद आहेत. नाझनीनच्या वेळी बाळंतपणासाठी म्हणून तू माहेरी गेलीस तेव्हा दिवस भरायच्या आधीच तुला होडीतून पलीकडे नेऊन ठेवलं होतं, कारण जुव्यावर डॉक्टर नव्हता. गुरं पोहून पलीकडे चरायला जायची, पाण्यावर नुसती शिंगं दिसायची. हे सगळं तू मटार सोलता सोलता सांगत होतीस आणि मी फरीदाबादच्या गच्चीवर, सगळीकडे धुळीशिवाय काही नसताना, ते बघत होते.

अयोध्येच्या त्या डिसेंबरात गल्लीतल्या काही घरांनी तुझ्याकडे येणं थांबवलं. तू त्याबद्दल चकार शब्द काढला नाहीस. फक्त रोज वाटी घेऊन माझ्याकडे विरजण मागायला येऊ लागलीस. तुझ्याकडे दही होतं, मी पाहिलं होतं. मी देत राहिले आणि तू नेत राहिलीस. त्यावर आपण नंतरही कधी बोललो नाही.

एकदा सगळे मिळून यमुनेवर गेलो होतो, आठवतं? सेक्टर संपून खादरातली, नदीच्या गाळाची शेतं सुरू होतात त्या बाजूला. मुलं टरबुजाच्या वाफ्यांतून पळत होती, पुरुष सतरंजी टाकून पत्ते खेळत होते, आणि तू काठावर एकटी उभी. मी बराच वेळ वाट पाहिली, मग जवळ जाऊन विचारलं, "काय बघतेस एवढं?"

"काही नाही. वाटलं, आता फिरेल."

"काय फिरेल?"

"पाणी." मग स्वतःच हसलीस. "इथली नदी नुसती जातच राहते गं. आमची संध्याकाळी परत येते."

बांध फुटल्याची बातमी त्याच्या पुढच्या पावसाळ्यात आली. तुमच्याकडे अजून फोन नव्हता, कोपऱ्यावरच्या केमिस्टच्या दुकानात याकूबने फोन केला. याकूब, तुझा धाकटा भाऊ, जुव्यावर शेती करणारा घरातला शेवटचा माणूस. तू त्याच्याशी तुमच्या बोलीत बोलायचीस आणि माझ्याशी शाळेतल्या मराठीत, त्यामुळे दुकानात उभी राहून मला निम्मंच कळलं. पण तुझा हात काउंटरवरून खाली आला ते दिसलं. जुव्यावरचे तरुण मुंबईला आणि आखातात गेले होते. उधाणाच्या दिवशी बांधावर जायला पुरेशी माणसंच उरली नव्हती. दक्षिणेकडे भगदाड पडलं आणि शेतात खारं पाणी शिरलं, ते भरतीबरोबर रोज येतच राहिलं.

हिवाळ्यात दुसरा फोन आला. एक कोळंबीवाली कंपनी आली होती. फुटलेली शेतं ती दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने घेणार, बांध आणखी चार ठिकाणी फोडणार, खारं पाणी आत घेऊन तळी करणार आणि कोळंबी परदेशात पाठवणार. त्या वर्षांत सगळीकडे असंच काहीतरी चाललं होतं. रोज नवी कंपनी, रोज नवं स्वप्न. जुव्यावरच्या सगळ्या घरांनी होकार दिला होता. तुमच्या सातबाऱ्यावर याकूबबरोबर तुझंही नाव होतं, आणि तुमची जमीन नेमकी भगदाडाला लागून. तुझ्या सहीशिवाय काम अडलं होतं.

तू नाही म्हणालीस.

आपलं सगळ्यात मोठं भांडण ते. सुरुवात मी केली. तुझ्या स्वयंपाकघरात, तू पोळ्या लाटत होतीस.

"हमीदा, तू इथे राहतेस. याकूबला तिथे राहायचंय. त्याचं शेत गेलं, विहीर खारट व्हायला लागली. तो खाणार काय?"

"बांध पुन्हा बांधता येतो."

"कोण बांधणार? तू जाणार आहेस का?"

तू लाटणं थांबवलंस. "तुम्ही गुडगावला फ्लॅट बुक केलाय ना? मोहरीचं शेत होतं तिथे, तूच म्हणालीस."

"त्याचा काय संबंध?"

"त्या शेतकऱ्याला बहीण असेल. तिला कोणी विचारलं का?"

"त्यांना भरपूर पैसे मिळाले, हमीदा. त्यांनी बंगल्यासारख्या कोठ्या बांधल्या."

"मी पैशाचं नाही विचारलं."

मला राग आला. मला वाटलं, आठवणी सुंदर राहाव्यात म्हणून ही बाई भावाला उपाशी ठेवते आहे. ते मी तसंच बोलले. तू तव्यावरची पोळी उलटलीस, ती करपली होती, आणि त्यानंतर कितीतरी आठवडे तू माझ्याशी बोलली नाहीस. समोरासमोरची दारं. तू कचरा टाकायला बाहेर आलीस की मी आत जायचे. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या माझ्या ऑफिसात मैत्रिणी विचारायच्या, बरं नाही का. मी म्हणायचे, थंडी आहे.

मग एका रविवारी तू दारात येऊन उभी राहिलीस. "सलीमला रजा नाही. माझ्याबरोबर जुव्यावर येतेस?" माफी नाही, प्रस्तावना नाही. मी रजा टाकली.

कोकण रेल्वे तेव्हा नवीकोरी होती. बोगदा आला की तू खिडकीकडे तोंड करायचीस, जसं काही अंधारातूनही दिसणार आहे. धक्क्यावर याकूब होडी घेऊन आला होता. सडपातळ, तुझ्यासारखंच रुंद कपाळ. त्याने माझ्या हातातली बॅग घेतली, "बसा वहिनी" म्हणाला, तुझ्याकडे मात्र पाहिलं नाही. तू होडीत बसल्या बसल्या पाण्यात बोटं बुडवलीस आणि जिभेला लावलीस.

जुवं मला तू सांगितलं होतंस तसंच दिसलं आणि अजिबात तसं नव्हतं. उंचवटा होता, मशीद आणि देऊळ होतं. पण खाली भाताच्या जागी राखाडी चिखल, वर मिठाचा पांढरा थर, आणि बांधाकडेच्या माडांचे शेंडे गळून नुसते खांब उभे. शेताच्या मधोमध कांदळाची रोपं उगवली होती, हिरवीगार, जणू ती जागा त्यांचीच आहे. तू बांधाच्या एका उरलेल्या तुकड्यावर बसून राहिलीस. मला वाटलं, आता ही सही करेल.

संध्याकाळी मशिदीच्या पुढ्यातल्या अंगणात माणसं जमली. म्हातारे आणि बायका, दुसरं होतंच कोण. तुझ्या शेजारच्या शेताचे मालक गोपाळकाका काठी घेऊन कट्ट्यावर बसले होते. याकूब पहिल्यांदाच तुझ्याकडे बघून बोलला, आणि माझ्यासाठी म्हणून की काय, साध्या मराठीत बोलला.

"आपा, तुझी एक सही अडली आहे. सगळ्यांचं अडलंय."

"बांध बांधू," तू म्हणालीस.

"कोण? तू, मी आणि गोपाळकाका?"

"बायका आहेत."

"बायका चिखल वाहणार?"

"भात लावताना कशात उभ्या असतात? गालिच्यावर?"

बायकांमध्ये कोणीतरी हसलं. याकूब नाही हसला. "तू चार दिवसांनी दिल्लीला जाशील. बांध रोज बघावा लागतो. तू इथे राहणार असशील तर मी सही करत नाही. बोल, राहतेस?"

सगळे तुझ्याकडे बघत होते. आणि मी मध्ये बोलले. म्हटलं, याकूबचं बरोबर आहे, हमीदाची मुलं तिकडे शाळेत आहेत, तिला असं कोंडीत धरू नका, आणि हमीदा, तूही ह्यांना धरू नकोस. मला वाटलं होतं मी तुला सोडवते आहे. तू वळून माझ्याकडे पाहिलंस, शांतपणे.

"सुधा, तू पाहुणी आहेस. चहा पी."

अजूनही ते वाक्य आठवलं की माझे कान गरम होतात. आणि त्याच दमात तू याकूबला म्हणालीस, "पावसापर्यंत राहते. पुढचं पुढे बघू."

परतीचा प्रवास मी एकटीने केला. सलीमभाईंना काय सांगायचं याची वाटभर जुळवाजुळव केली. त्यांनी दार उघडलं, माझ्यामागे कोणी नाही हे पाहिलं, आणि म्हणाले, "मला वाटलंच होतं. तिने परतीचं तिकीट काढूच दिलं नव्हतं." मग ते डाळ बघायला आत गेले. ते दोन-तीन महिने तुझी मुलं निम्मं जेवण माझ्याकडे जेवली. नाझनीनला माझी आमटी आवडायची नाही, गोड लागते म्हणायची.

बांध कसा बांधला ते तू जूनमध्ये परत आल्यावर सांगितलंस. काळवंडून, निम्मी होऊन आली होतीस, पायाची नखं गेलेली. काम फक्त ओहोटीत करता यायचं. खुंट ठोकायचे, जांभ्याचे दगड टाकायचे, पेंढा आणि चिखल थापायचा, आणि भरती आली की बाजूला उभं राहून बघायचं काय टिकतं ते. तीन वेळा सगळं वाहून गेलं. तिसऱ्या वेळी याकूब तिथेच चिखलात बसला आणि रडला, आणि मग गोपाळकाका म्हणाले की घाई करू नका, अष्टमीची वाट बघा, तेव्हा पाणी कमी चढतं. शेवटी त्या दिवसांत भगदाड बुजलं. शेवटचा खळगा बुजवताना तू आणि याकूबची बायको, दोघी त्यात उतरून पायांनी माती दाबत होतात, आणि पाणी बाहेरच्या बाजूने चढत होतं. "भीती नाही वाटली?" मी विचारलं. "वाटली की," तू म्हणालीस. "पण तेव्हा पाय थांबवता येत नाहीत."

मीठ जायला आणखी दोन पावसाळे लागले. तिसऱ्या वर्षी भात आलं. याकूब स्वतः लाल तांदळाचं पोतं घेऊन फरीदाबादला आला. तू पेज केलीस, आम्हा सगळ्यांना बसवलंस. माझी मुग्धा हळूच म्हणाली, "मम्मा, इसमें से स्मेल आ रही है." तू ऐकलंस आणि तिला आणखी वाढलंस.

यापुढची गोष्ट आपण दोघी वेगवेगळी सांगायचो. तू सांगायचीस की कोळंबीवाली कंपनी वरच्या अंगाच्या गावात गेली, तिथे काही वर्षांनी कोळंबीवर रोग पडला, तळी तशीच टाकून माणसं निघून गेली आणि आता तिथे ना भात ना कोळंबी. हे सगळं खरं आहे. पण मी तुला म्हणायचे, पुढचं पण सांग. त्या चांगल्या वर्षांत त्या गावातली मुलं कॉलेजात गेली. याकूबच्या मुलाला ते जमलं नाही, तो आखातात ड्रायव्हर झाला. जुव्यावरची शाळा मुलं नाहीत म्हणून बंद पडली. आता तिथे चार-पाच घरांत चुली पेटतात.

"बांध राहिला, हमीदा, माणसं गेली."

"जी राहिली ती आहेत ना?"

"किती?"

"तू मोजत बस."

हे भांडण आपण फोनवर किती वेळा केलं असेल. आम्ही गुडगावला राहायला गेल्यावर भेटी कमी झाल्या. विनायकला मानेसरचा प्लांट जवळ पडायचा म्हणून आलो, आणि मला काहीच जवळ उरलं नाही. डोंगरातल्या त्या खाणींच्या रस्त्याने तुझ्याकडे यायचं म्हणजे अर्धा दिवस. तू पहिल्यांदा ह्या फ्लॅटवर आलीस तेव्हा सगळ्या खोल्या पाहिल्यास, गॅलरीतून खाली पाहिलंस, छान आहे म्हणालीस. मग विचारलंस, "इथे खाली उतरल्यावर कोणाशी बोलतेस?" मी म्हटलं, "असतात लोक." तू विषय वाढवला नाहीस. दुसऱ्या दिवसापासून तुझा दुपारचा फोन सुरू झाला.

आजारपणात तू फार लवकर हलकी झालीस. मी यायचे, बाजूला बसायचे. तुला पेज हवी असायची, पण इकडच्या तांदळाची नको. याकूबने कुरिअरने तांदूळ पाठवले, ते येईपर्यंत तुझं खाणंच बंद झालं होतं. शेवटच्या भेटीत मी काहीतरी बोलायचं म्हणून जुव्याचा विषय काढला. म्हटलं, समजा, तू सही केली असतीस. तू डोळे मिटूनच म्हणालीस, "पुन्हा सुरू करू नकोस." आणि ओठांच्या एका कडेने हसलीस. मी तुझा हात धरून बसले. मला विचारायचं होतं की तुला तिकडे जायचंय का. जायचं म्हणजे कसं, ते मला उच्चारता येत नव्हतं. निघताना फक्त म्हटलं, गुरुवारी येते. गुरुवारी मी आले तेव्हा अंगणात चपलांचा ढीग होता.

तुला फरीदाबादमध्येच मातीत ठेवलं. बायका कबरस्तानात जात नाहीत. तुझ्या घरातल्या त्या बैठकीत मी नाझनीनच्या शेजारी बसून होते. ती माझ्याशी हिंदीत रडली.

दोन दिवसांनी याकूबचा फोन आला. आवाज बसलेला. जुव्यावर तुझ्यासाठी गायबाना नमाज झाली, म्हणाला. माणूस दूर गेलेलं असलं, समोर नसलं, तरी आमच्याकडे त्याच्या जनाज्याची नमाज पढतात, वहिनी. उभे राहायला माणसं फार नव्हती, एक रांगही धड झाली नाही. गोपाळकाका आता नव्वदीकडे झुकलेत, त्यांना उचलून आणलं, ते बाजूला खुर्चीवर हात जोडून बसले. मग म्हणाला, "आपाला इकडे आणायला पाहिजे होतं." उत्तराची वाट न बघता त्याने फोन ठेवला.

आणि काल सलीमभाई आले. न कळवता, बस बदलत, एवढ्या उन्हात. पाणी प्यायले, पंख्याखाली बसले. गेल्या काही दिवसांत ते एकदम म्हातारे झालेत, हमीदा. शर्टाची बटणं वरखाली लावली होती.

"वहिनी, एक विचारू? तिला कुठे ठेवायचं, यावर ती तुमच्याशी कधी काही बोलली होती?"

"नाही," मी म्हटलं. "मीही विचारलं नाही."

त्यांनी मान हलवली. "मी विचारलं होतं. हॉस्पिटलात. म्हटलं, हमीदा, जुव्यावर न्यायचं का? मुंबईपर्यंत विमान, पुढे ॲम्ब्युलन्स, करू आपण काहीतरी. तर म्हणाली, भरती कधी आहे ते बघावं लागेल. पाणी कमी असलं तर होडी धक्क्याला लागत नाही, मग लोकांना चिखलातून खांद्यावर न्यावं लागतं. कशाला त्यांना त्रास." ते जमिनीकडे बघत होते. "मी ते नको असं समजलो. याकूब आता बोलत नाही माझ्याशी." मग त्यांनी वर पाहिलं. "नकोच होतं ना ते, वहिनी?"

नको असलेल्या ठिकाणी जायला कोणी पाण्याची वेळ बघत नाही. मला ते ऐकता क्षणीच कळलं, आणि त्यांनाही कुठेतरी कळलेलं होतं, म्हणून तर ते एवढ्या लांब आले होते.

"नकोच होतं, सलीमभाई," मी म्हटलं. "ती लोकांना त्रास देणाऱ्यांतली नव्हती."

त्यांनी डोळे पुसले. चहा घेतला.

ते गेल्यावर मी भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभी राहिले. तू गेलीस त्या तारखेखाली बारीक अक्षरात अष्टमी लिहिलेली आहे. म्हणजे पाणी फारसं चढलं नसतं. होडी अलीकडेच चिखलात रुतली असती आणि याकूबला, त्या चार-पाच घरांतल्या म्हाताऱ्यांना, बायकांना उतरावं लागलं असतं, गुडघ्यापर्यंत, पाय टाकत, थांबत, खांदा बदलत. फार त्रास झाला असता. तरी त्यांनी नेलं असतं, हमीदा.